दादाच्या सूटची मागची चेन

रायडिंग सूटची मागची चेन एकट्या माणसाने कशी लावायची?

हा प्रश्न मी नऊ वर्षं लोकांना विचारतोय. एकानेही सरळ उत्तर दिलं नाही. अंधेरीच्या ज्या दुकानातून दादाने सूट घेतला, तिथल्या दुकानदाराला विचारलं तर तो म्हणाला, "शादी कर लो." दादाच्या बाईकवाल्या ग्रुपमधल्या केतनभाईला विचारलं तर म्हणाला, "व्हिडिओ बघ ने यार." आणि त्याच ग्रुपमधल्या गावकर काकांना विचारलं तर त्यांनी मलाच उलटं विचारलं, "एकट्यान जावचाच कित्याक?"

आधी चेन कुठली ते सांगतो. बाईकवाल्यांचा हा सूट दोन तुकड्यांचा असतो. वर जॅकेट, खाली पँट. खांद्यात, कोपरात, पाठीत, गुडघ्यात जाड पॅड. आणि कमरेच्या मागे जॅकेट आणि पँट एकमेकांना जोडणारी एक चेन. माणूस पडला, घसरत गेला, तर जॅकेट वर सरकून कंबर उघडी पडू नये म्हणून ती. आयडिया झकास आहे. फक्त ज्याने ती बनवली त्याने स्वतः कधी लावून बघितली नसणार! कोपरात पॅड असल्यावर हात मागे वळतच नाही. दुसरा माणूस लागतोच.

दादाचा दुसरा माणूस मी.

दर रविवारी सकाळी सहाला, कांजूरमार्गच्या आमच्या पाचव्या मजल्यावरच्या घरात, दादा पूर्ण तयार होऊन दाराची चौकट धरून पाठमोरा उभा राहायचा. "बारक्या, चेन." मी तोंडात ब्रश घेऊन यायचो. चेन लावायचो. तो म्हणायचा, "खेचून बघ." मी जॅकेट खाली खेचून बघायचो. मग पाठीच्या पॅडवर दोन जोरदार थापा मारायच्या आणि म्हणायचं, "जा!" आतून आई ओरडायची, "जा काय म्हणतोस मेल्या? ये म्हणावं!" नऊ वर्षं दर रविवारी हेच. माझ्या ब्रशचा फेस दादाच्या पाठीवर पडायचा. ग्रुपमधले समजायचे, आमच्या बिल्डिंगमध्ये कबुतरं फार.

नऊ वर्षांत एक रविवार सोडून मी ती चेन लावली. तो एक रविवार सांगायचाच म्हणून बसलोय. पण लगेच नाही. आधी बाकीचं ऐका.

दादा चार महिन्यांपूर्वी गेला. लोक सूट बघतात आणि हळू आवाजात विचारतात, "ॲक्सिडेंट?" नाही हो. पोटाचा आजार. डोक्यापासून पायापर्यंत पॅक केलेला माणूस, आजार आतून आला.

तो गेल्यावर महिन्याभराने आईने जॅकेट माझ्या पुढ्यात टाकलं. म्हणाली, "खिसे तू बघ. माझ्याने होत नाही." जॅकेटला आठ खिसे! पहिल्यातून दगडासारखी झालेली चिक्की निघाली. दुसऱ्यातून दोन स्क्रू, कारण दादा लिफ्ट दुरुस्तीच्या कामाला होता. तिसऱ्यातून सुकलेल्या दूर्वा. चौथ्यात पोहोचेपर्यंत मी एकटाच खो खो हसत होतो. आईने आतून विचारलं, "वेडबीड लागलं काय रे तुला?" किस्से हे असेच साठतात. मुद्दाम कोणी साठवत नाही. खिशात हात घातला की निघतात.

मी नववी नापास. भांडुपला टायरच्या दुकानात काम करतो. लिहायची सवय नाही. तेव्हा बोलल्यासारखंच लिहितो.

* * *

पहिला किस्सा वासाचा.

रायडिंग जॅकेट धुवायचं नसतं, असं दादाला कोणीतरी सांगितलं होतं. धुतलं की पॅडची ताकद जाते म्हणे. आता मुंबईचा मे महिना, आत जाडजूड अस्तर, वर चार तासांची राईड. तुम्हीच हिशोब करा! आईने ते घरात ठेवायला साफ मनाई केली. म्हणून ते बाहेर पॅसेजमध्ये खिळ्यावर लटकायचं.

कांजूरला वारा फिरला की डंपिंगच्या कचऱ्याचा वास येतो, हे सगळ्यांना माहीत. एकदा सोमवारी सकाळी मजल्यावरचे सगळे पॅसेजमध्ये जमले. नाकाला रुमाल. आमचे सेक्रेटरी नाना हातात वही घेऊन उभे. अर्ज लिहायचा, सह्यांची मोहीम काढायची, टीव्हीवाल्यांना बोलवायचं, असं सगळं ठरत होतं. आठ जणांच्या सह्या झाल्यासुद्धा! नाना डोळे मिटून लांब श्वास घेत म्हणाले, "आज वारा एकदम इकडचा आहे."

आई दारात पीठ मळत उभी होती. म्हणाली, "वारा नाही हो नाना. माझा मोठा मुलगा आहे तो."

सगळे हळूच खिळ्याकडे वळले. नानांनी वही मिटली. खाली उतरताना म्हणाले, "तरीच म्हटलं, वास पाचव्या मजल्यावरच कसा काय सुरू होतो!"

* * *

दादाला मुलगी बघायला बोरिवलीला जायचं होतं. अकराची वेळ. त्याच दिवशी सकाळी राईड. आई म्हणाली, "आज नको जाऊस." दादा म्हणाला, "दहाला परत येतो." आला नाही. वाटेत केतनभाईची गाडी बंद पडली. शेवटी मी, आई आणि मामा रिक्षाने पुढे गेलो आणि दादा थेट तिकडेच आला. पूर्ण सूटमध्ये!

मुलीकडचे म्हणाले, "जॅकेट काढून बसा ना, उकडत असेल."

आता जॅकेट काढायचं म्हणजे आधी मागची चेन मी काढायला हवी. मी उठलो. दादा माझ्या कानात म्हणाला, "हात लावलास तर मारीन. आत भोकाची बनियान आहे."

बसला तसाच. सोफा खोल, पाठीत पॅड. माणूस शिडी टेकवून ठेवल्यासारखा बसला होता. पोहे आले. चमचा भरून वर न्यायचा तर कोपर अर्ध्यातच अडकायचं. मग दादाने तोंडच खाली नेलं! घाम हनुवटीवरून पोह्यात. मामा म्हणतोय, "लिंबू पिळायची गरज नाही." आई मामाला चिमटे काढतेय.

मुलीची आजी मगासपासून बघत होती. ती काठी टेकत आली, दादाच्या खांद्यावर बोटाने टकटक केलं, मग पाठीवर केलं, आणि सगळ्यांच्या समोर आईला विचारलं, "यातला मुलगा कुठला हो? वरचा की आतला?"

दुसऱ्या दिवशी मध्यस्थांचा फोन आला. नकार. कारण काय? "मुलाला मणक्याचा पट्टा आहे. हे आधी सांगायला हवं होतं."

आई फोनवर तासभर भांडली. "पट्टा नाही, जॅकेट आहे ते!" समोरची बाई शांतपणे म्हणाली, "ताई, जॅकेट आमच्याकडेही आहे. ते घडी करून कपाटात बसतं."

* * *

मुलुंड चेक नाक्याला नाकाबंदी होती. दादा सगळ्यात पुढे. हेल्मेट, सूट, ग्लोव्ह्ज, बूट, सगळं नियमात. हवालदार साहेबांनी नेमकं त्यालाच बाजूला घेतलं. आम्ही कोपऱ्यावर चहा घेत बघतोय. मी तिथपर्यंत रिक्षाने आलो होतो. गाडीवर मागे बसायचं तर दादाची अट, पूर्ण सूट घाल. मला ते जमायचं नाही. मी आपला टी-शर्ट आणि चप्पल!

साहेबांनी खांदा दाबून बघितला. "आत काय आहे?"

"पॅड आहे साहेब. पडलो तर लागत नाही."

"खरंच लागत नाही?" साहेबांनी काठीने खांद्यावर हलकेच मारलं. "लागलं?"

"नाही साहेब."

जरा जोरात. "आता?"

"अजिबात नाही साहेब."

साहेबांचं कुतूहल वाढलं. कोपर झालं, गुडघा झाला. दुसरे हवालदारही आले. त्यांनी पाठ मागितली. गर्दी जमली. लांबून बघणाऱ्याला वाटावं, या माणसाला भर रस्त्यात फोडतायत आणि तो हसून म्हणतोय, "अजून मारा साहेब, काही नाही!" एक म्हातारी बाई रडकुंडीला येऊन म्हणाली, "सोडा हो त्याला, तो वेडा दिसतोय." तेवढ्यात तीन पोरं एका स्कूटरवर, बिनहेल्मेटची, सगळ्यांच्या मागून सुळकन निघून गेली.

मग साहेब भानावर आले. "लायसन्स दाखव."

दादाने पहिल्या खिशात हात घातला. नाही. दुसऱ्यात, नाही. पाचव्या खिशातून चिक्की निघाली, ती साहेबांनी घेतली. सहाव्यातून माझाच हरवलेला चार्जर. दहा मिनिटं झाली. साहेब चिक्की खात उभे. शेवटी म्हणाले, "जा रे बाबा. तुझी झडती घ्यायची तर दुसरी शिफ्ट बोलवावी लागेल."

लायसन्स कुठे होतं? हेल्मेटच्या आत!

* * *

केतनभाई घाटकोपरचा. त्याच्या मम्मीला घाण सहन होत नाही. मुलाचं जॅकेट वर्षभर धुतलेलं नाही म्हटल्यावर तिने एके दुपारी गपचूप ते मशीनमध्ये टाकलं. पॅडसकट! मशीन फिरायला लागलं आणि आतून धाड धाड आवाज. मशीन बाथरूममधून चालत चालत पॅसेजमध्ये आलं. केतनभाईचे पप्पा वामकुक्षीतून उठून बसले आणि म्हणाले, "कोण आव्यु?"

शहाणी बाई. पुढच्या वेळी तिने आधी सगळे पॅड काढून ठेवले, मग जॅकेट धुतलं. मऊसूत, वासाचं, घडी घातलेलं जॅकेट केतनभाईला मिळालं. तो खूश. दीड महिना राईडला आला. सारखा म्हणायचा, "यार, जॅकेट धुतल्यावर किती हलकं झालं! तुम्ही पण धुवा ने."

मग त्याच्याकडे आमचं जेवण होतं. केतनभाईची मम्मी गरमागरम दाळीचं पातेलं घेऊन आली आणि टेबलावरच्या एका काळ्या जाड वस्तूवर ठेवलं. दादा वाकून बघायला लागला. मग त्याने भाताच्या भांड्याखाली बघितलं. मग कढीच्या.

"केतन," दादा म्हणाला, "दाळ तुझ्या पाठीवर आहे. भात डाव्या गुडघ्यावर आहे."

केतनभाईचा चेहरा पांढरा! "मम्मी! हे माझे पॅड आहेत! मी दीड महिना नुसतं कापड घालून फिरतोय!"

मम्मी अजिबात घाबरली नाही. म्हणाली, "पण बेटा, दीड महिन्यात घरात कोणाला चटका नाही बसला. सेफ्टीच आहे ने?"

* * *

गावकर काका रिटायर्ड, मूळचे कणकवलीकडचे. त्यांचे बूट म्हणजे घोट्याच्या वरपर्यंत, प्रत्येकी चार बकल, वर चिकटपट्टी, आत नाडी. काका कमरेत जाड. वाकायचं म्हणजे श्वास रोखून वाकायचं.

आम्ही टिटवाळ्याला गणपतीला गेलो होतो, मी आपला लोकलने. मंदिर दुपारचं बंद व्हायच्या बेताला. सगळे पटपट बूट काढून आत. काका पायरीवर बसले. एक बकल, विश्रांती. दुसरं बकल, विश्रांती. मी मदतीला गेलो तर ओरडले, "हात लावू नको झिला! देवाचा काम आसा, माझा मीच करतलंय!"

आमचं दर्शन झालं, प्रदक्षिणा झाली, प्रसाद झाला. बाहेर आलो. काकांचा डावा बूट निघाला होता. उजव्याची दोन बकलं बाकी. आणि आत पडदा पडला.

काका पायरीवर एका पायात बूट घालून असे बसले होते की हसावं की रडावं कळेना. तेवढ्यात गुरुजी बाहेर आले. त्यांनी ते सगळं आतून बघितलं असणार. काकांच्या हातात नारळ आणि दूर्वा ठेवल्या आणि म्हणाले, "बसा, बसा. तुम्ही देवाला बघितलं नाहीत, पण देव वीस मिनिटं तुमच्याकडेच बघत होता."

नारळ काकांनी घेतला. दूर्वा दादाने मागून घेतल्या. त्या तिसऱ्या खिशातल्या. तेव्हापासून आमच्यात कोणाला कुठेही उशीर झाला की म्हणायचं, "बूट काढतोय."

* * *

आता तो रविवार.

तीन वर्षांपूर्वी मी एक जुनी गाडी घेतली. पहिल्याच राईडला ग्रुपबरोबर निघालो. टी-शर्ट, चप्पल, डोक्यावर फुटक्या काचेचं हेल्मेट. दादाने नाक्यावर सगळ्यांसमोर माझी गाडी थांबवली. म्हणाला, "चप्पल घालून माझ्याबरोबर यायचं नाही. घरी जा." केतनभाई, काका, सगळे बघत होते. चहावालासुद्धा. मी गाडी वळवली ती रागाने पेटूनच. आठवडाभर त्याच्याशी बोललो नाही.

पुढच्या रविवारी सकाळी सहाला तो चौकट धरून उभा. "बारक्या, चेन."

मी चादर डोक्यावरून घेतली.

"बारक्या."

"तुझी तू लाव!"

तो दोन-तीन मिनिटं तिथेच होता. हात मागे नेत होता, कारण कोपराचं पॅड भिंतीला टक टक लागत होतं. मला चादरीत ऐकू येत होतं. मग दार बंद झालं. त्या दिवशी "जा" पण नाही आणि "ये" पण नाही.

आरेच्या वळणावर वाळू होती. गाडी सरकली, दादा पंधरा-वीस फूट घसरत गेला. खांदा ठीक. कोपर ठीक. गुडघे ठीक. पॅडने एवढं काम केलं की काका म्हणाले, वरसून बघितलास तर माणूस नवो कोरो. पण जॅकेट वर सरकलं. चेन जिथे असते, तिथलं कातडं गेलं. माझा पंजा ठेवला तर बरोबर बसेल, एवढं.

आईने पहिला प्रश्न केला, "चेन लावली होतीस ना रे?"

दादा पलंगावर पालथा होता. उशीतून म्हणाला, "घाईत विसरलो गं." माझ्याकडे बघितलं पण नाही.

मी तिथेच उभा होतो.

पुढचे पंधरा दिवस दादा पालथाच. आता बिल्डिंगमध्ये माणूस पंधरा दिवस पालथा झोपतो, बसायचं म्हटलं की ओरडतो, म्हणजे काय? नाना बघायला आले. आईला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "मूळव्याध?" आई काही बोलायच्या आत दादा पलंगावरून ओरडला, "होय नाना! जुनी आहे!" कारण पडलो म्हटलं असतं, तर कसा पडलो, चेन का नव्हती, ते सगळं पुन्हा आलं असतं.

मूळव्याधीवर सूरण चांगलं, हे बिल्डिंगमध्ये प्रत्येकाला माहीत होतं. दुसऱ्या दिवसापासून डबे सुरू झाले! नानांकडून सुरणाची भाजी. तिसऱ्या मजल्यावरून सुरणाचे काप. समोरच्या विंगमधून सुरणाचं भरीत. दादाला लहानपणापासून सूरण आवडत नाही. घशाला खाज सुटते. आणि प्रत्येकजण समोर बसून विचारणार, "कसं झालंय?"

लोक गेले की दादा डबा माझ्याकडे सरकवायचा. मी गपचूप खायचो. पंधरा दिवस, रोज, तिघांच्या वाटणीचं सूरण. माझा आवाज बसला. दादा पालथा पडून हसायचा, हसला की कंबर दुखायची, मग शिव्या द्यायचा.

सॉरी मी म्हटलं नाही. तेव्हा वाटलं, सूरण खाल्लं ना, झालं. पुढच्या महिन्यात तो उठला, चौकट धरून उभा राहिला, म्हणाला, "बारक्या, चेन." मी लावली. त्याने तो विषय परत काढला नाही. मीही नाही. तीन वर्षं.

आणि बिल्डिंगमध्ये अजूनही लोक म्हणतात, "मूळव्याधीचा किती त्रास सहन केला बिचाऱ्याने."

* * *

शेवटचा किस्सा हॉस्पिटलचा. तो जायच्या दोन दिवस आधीचा.

दादा खूप बारीक झाला होता. डॉक्टरांनी आईला जे सांगायचं ते सांगून झालं होतं. मी विचारलं, "दादा, काय आणू?" मला वाटलं शहाळं म्हणेल, आईच्या हातची पेज म्हणेल. तो म्हणाला, "सूट आण."

आता गेटवर मोठी बॅग सोडत नाहीत. मी जास्त विचार करणारा माणूस नाही. मी सूट अंगात घातला! नऊ वर्षांत पहिल्यांदा. जॅकेट, पँट, बूट, ग्लोव्ह्ज, हेल्मेट. भर दुपारी चारला, भेटीच्या वेळेला, गेटवर जाऊन उभा राहिलो.

वॉचमन वर न बघता म्हणाला, "पार्सल खाली ठेवायचं."

मी म्हटलं, "पार्सल मीच आहे."

पास दाखवला तेव्हा सोडलं. वर केतनभाई आणि काका आधीच येऊन बसले होते. मी वॉर्डात शिरलो तर दोन पेशंट उठून बसले. दादाने मला बघितलं आणि असा हसला की त्याला खोकला आला. "आत्ता घातलास? नऊ वर्षं बोंबलतोय मी!"

मग वरून खालपर्यंत बघून म्हणाला, "मागची चेन कुठे लावलीयस?"

"कोण लावणार? आई म्हणाली मला जमत नाही."

मी सूट काढला. आत हाफ पँट आणि टी-शर्ट होता, भोकं नव्हती, मी शहाणा. आम्ही तिघांनी पडदा ओढला आणि दादाला सूट चढवायला लागलो. पँट सहज गेली, दोन माणसं मावतील एवढी जागा. जॅकेटला घोळ झाला. हाताला सलाईन. काका म्हणाले, "बाटलीच बाहीतून काढूया." मग बाटली बाहीत शिरली, केतनभाई दुसऱ्या टोकाला हात घालून तिला शोधतोय, काका म्हणतायत, "इली काय? इली काय?" आणि केतनभाई म्हणतोय, "काका, हे पॅड आहे ने! बाटली अजून कोपरात आहे!" दादा हसतोय, आम्हाला गप्प करतोय, परत हसतोय.

तेवढ्यात पडदा सरकला. सिस्टर.

तिने दादाकडे बघितलं. बाहीतून बाहेर येणाऱ्या बाटलीकडे बघितलं. काकांकडे बघितलं.

"हे काय चाललंय?"

काका म्हणाले, "माप घेतंव."

"कुठे निघालात?" तिने दादाला विचारलं.

"टिटवाळ्याला," दादा म्हणाला. "बूट काढायला वेळ लागतो, म्हणून आत्ताच निघतोय."

सिस्टरने बाटली केतनभाईच्या हातातून घेतली, स्टँडला अडकवली, नळी सरळ केली, थेंब बघितले. मग घड्याळ बघितलं आणि म्हणाली, "सहाला वेळ संपते. त्याच्या आत परत यायचं." पडदा ओढून गेली.

दादा म्हणाला, "उभं करा मला."

केतनभाईने एक बाजू धरली, काकांनी दुसरी. दादाने पलंगाचा दांडा धरला, दोन्ही हातांनी, चौकट धरायचा तसा, आणि आमच्याकडे पाठ केली.

"बारक्या, चेन."

मी गुडघ्यावर बसलो. जॅकेट वर होतं, कंबर दिसत होती. पंजाएवढी ती जागा. पँट ढिली, जॅकेट ढिलं, दोन टोकं एकमेकांपर्यंत येईनात. मी डाव्या हाताने ती जागा झाकली, दोन्ही टोकं जवळ ओढली आणि चेन लावली. या टोकापासून त्या टोकापर्यंत. मध्ये कुठे अडकली नाही.

"खेचून बघ," दादा म्हणाला.

मी खेचून बघितलं. सरकलं नाही.

मग उठलो आणि त्याच्या पाठीवर दोन थापा मारल्या. नेहमीच्याच जोराच्या. केतनभाई म्हणाला, "अरे हळू!" पण पॅड होतं.

म्हटलं, "ये."